वीजबिल कुठून भरावं? वर्षभर तिन्ही मार्ग वापरल्यानंतर

पुण्यातल्या आमच्या घराचं आणि गावी सासू-सासऱ्यांच्या घराचं, दोन्ही वीजबिलं गेलं वर्षभर मीच भरतेय. महावितरणचं अ‍ॅप, एक नावाजलेलं यूपीआय अ‍ॅप आणि बँकेचं नेटबँकिंग असं तिन्ही आलटूनपालटून वापरलं. कॅशबॅक बघून निवडणार असाल तर तो नाद सोडा. दोन-पाच रुपये किंवा कधीच उपयोगी न पडणारं कूपन, याच्यापुढे माझ्या पदरात काही पडलं नाही.

खरी सूट बिलातच असते. बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरलं तर १ टक्का, ऑनलाइन भरलं तर आणखी ०.२५ टक्का. दोन्ही, कर आणि वीज शुल्क सोडून उरलेल्या रकमेवर. कागदी बिल बंद करून ‘गो-ग्रीन’ घेतलं की बिलामागे १० रुपयांच्या हिशेबानं सूट वेगळी. आमच्या अडीच हजारांच्या बिलावर हे सगळं मिळून पस्तीसेक रुपये होतात. फार नाहीत, पण हक्काचे आहेत. उलट मुदत टळली की १.२५ टक्के विलंब आकार बसतो.

म्हणून माझ्या लेखी अ‍ॅपची परीक्षा एकच: बिल निघाल्याचं ते किती लवकर कळवतं? इथे यूपीआय अ‍ॅप सपशेल नापास. त्याची आठवण यायची ती शेवटची तारीख तोंडावर आल्यावर, म्हणजे सात दिवस केव्हाच उलटलेले. महावितरणचा एसएमएस बिल निघालं की येतो. त्यामुळे मोबाइल नंबर तिथे नोंदवून ठेवा, मग पैसे कुठूनही भरा. पाव टक्का यूपीआयनं भरलं तरी मिळतो.

दुसरी गोष्ट, यूपीआय अ‍ॅपमध्ये नुसता आकडा दिसतो. युनिट किती, रीडिंग खरं की सरासरी, काही कळत नाही. गावचं घर उन्हाळ्यात बंद असतं, तेव्हा सरासरीचं बिल आलं होतं. महावितरणच्या अ‍ॅपवर पूर्ण बिल उघडलं म्हणून लक्षात आलं. याच कारणासाठी विजेला ऑटोपे लावलेलं नाही. १५,००० रुपयांपर्यंत ओटीपीशिवाय पैसे कापले जातात. २४ तास आधी सूचना येते खरी, पण ती नीट वाचतो कोण? पाइप गॅसचं बिल दोन महिन्यांनी आणि ठरावीक येतं, त्याला मात्र ऑटोपे झकास चालतंय.

एकदा पैसे खात्यातून गेले आणि बिल थकीतच दिसत राहिलं. घाईनं पुन्हा भरलं नाही. भारत बिलपे या बिलं भरण्याच्या सामायिक यंत्रणेतून, म्हणजे २०२४ पासूनच्या ‘भारत कनेक्ट’मधून, भरलेल्या बिलाच्या पावतीवर व्यवहार क्रमांक असतो. तो टाकून त्याच अ‍ॅपमध्ये तक्रार करता येते. दोन दिवसांत जमा दिसलं.

नेटबँकिंग? चालतं. जुन्या पावत्या पटकन सापडतात, एवढंच.

क्रेडिट कार्डानं भरणार असाल तर शेवटच्या स्क्रीनवर सेवाशुल्क बघा. सगळी सूट तिथेच जिरू शकते. आणि सुरक्षा ठेवीचं बिल वेगळं निघतं. माझ्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ते दिसलंच नाही, महावितरणच्या संकेतस्थळावरून भरावं लागलं.