दोघांचा धंदा: भागीदारी, एलएलपी की प्रायव्हेट लिमिटेड?

धंदा काढायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "टॅक्स कशात कमी लागेल?" छोट्या धंद्यांचे हिशेब पाहण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. माझ्या मते त्याआधी विचारायला हवं, की उद्या पैसे थकले तर वसुलीला माणसं कुणाच्या दारात येतील?

एकट्याचा धंदा असेल तर निर्णय फारसा अवघड नाही. प्रोप्रायटरशिपला वेगळी कंपनी स्थापन करावी लागत नाही. शॉप अ‍ॅक्ट, उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), लागू असेल तर जीएसटी आणि करंट अकाउंट, एवढ्यावर काम सुरू होतं. कायद्याला मालक आणि धंदा एकच, म्हणून धंद्याचं देणं हे मालकाचं देणं. ते टाळायचं तर 2013 च्या कंपनी कायद्याने आणलेली एकल व्यक्ती कंपनी आहे. तिच्यावरची भांडवल आणि उलाढालीची मर्यादा 2021 मध्ये उठली. पण उलाढाल कितीही लहान असो, ऑडिट चुकत नाही. गिऱ्हाईक 'कंपनीच हवी' म्हणत नसेल आणि उधारीची जोखीम मोठी नसेल, तर मी तरी प्रोप्रायटरशिपनेच सुरुवात करायला सांगेन.

खरा पेच दोघं एकत्र येतात तेव्हा पडतो.

माझ्या पाहण्यातल्या दोन मित्रांनी पॅकिंगच्या मालाचा धंदा काढला. भागीदारीचं डीड, म्हणजे लेखी करार, दोन पानांचं, त्यात 'नफा-तोटा निम्मा-निम्मा' आणि खाली सह्या. एकाने फर्मच्या लेटरहेडवर मोठी ऑर्डर उधारीवर उचलली. दुसऱ्याला ते कळलं थेट नोटीस घरी आल्यावर. पाकिटावर फर्मच्या नावाखाली दोघांची नावं होती. "सही माझी नाहीच," असं तो मला पुन्हापुन्हा सांगत होता, आणि मला त्याला सांगावं लागलं की त्याने फरक पडत नाही. 1932 च्या भागीदारी कायद्यात प्रत्येक भागीदार हा फर्मचा एजंट असतो. नेहमीच्या धंद्यासाठी एकाने उचललेल्या मालाचं देणं सगळ्यांवर येतं, आणि पूर्ण रक्कम कुणा एकाकडूनही वसूल करता येते. आपापसात निम्मं ठरलंय, हे पुरवठादारावर बंधनकारक नाही. शेवटी त्याने एफडी मोडली.

एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारी, नेमकी इथे वेगळी पडते. 2008 च्या कायद्याने ती स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे. देणं एलएलपीचं, आणि भागीदाराची जोखीम साधारणपणे त्याने कबूल केलेल्या भांडवलापुरती. दुसऱ्या भागीदाराच्या चुकीसाठी तुमच्या घराला हात लागत नाही. स्वतःची चूक किंवा फसवणूक असेल तर मात्र हे कवच मिळत नाही.

याचा मोबदला कागदपत्रांत द्यावा लागतो. एलएलपीला दरवर्षी फॉर्म 11 (वार्षिक विवरण) आणि फॉर्म 8 (हिशेबाचं विवरण) भरावे लागतात. पहिल्याची मुदत 30 मे, दुसऱ्याची 30 ऑक्टोबर. धंदा शून्य असला तरी ते भरायचेच, आणि उशीर झाला की दंड चढत जातो. उलाढाल 40 लाखांवर किंवा भांडवल 25 लाखांवर गेलं की ऑडिटही आलं. साध्या फर्मला हा वार्षिक ससेमिरा नाही.

फर्मची नोंदणी कायद्याने सक्तीची नाही, म्हणून बरेच जण ती करत नाहीत. हे मला पटत नाही. नोंदणी नसलेल्या फर्मवर इतर लोक दावा लावू शकतात, पण करारातले पैसे थकवणाऱ्या गिऱ्हाइकावर फर्मला स्वतःला दावा लावता येत नाही. उधारीवर चालणाऱ्या धंद्यात एवढं एक कारण नोंदणीला पुरेसं आहे.

आता टॅक्स. फर्म आणि एलएलपी दोन्हींना पहिल्या रुपयापासून 30 टक्के, वर सेस. भागीदाराच्या हातात आलेल्या नफ्यावर पुन्हा कर नाही. फरक आहे तो अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत. व्यापारी फर्मला उलाढालीच्या 8 टक्के, किंवा बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के नफा दाखवून सुटता येतं. एलएलपीला ही सवलत नाही. छोट्या व्यापाऱ्याने हे जरूर मोजावं.

प्रायव्हेट लिमिटेडचा कर सवलतीच्या पर्यायात 22 टक्के, अधिक सरचार्ज आणि सेस. आकडा आकर्षक दिसतो, पण लाभांश घरी नेला की त्यावर तुमच्या स्लॅबने पुन्हा कर बसतो. ऑडिट, बोर्डाच्या बैठका, वार्षिक फॉर्म हे सगळं सुरुवातीपासूनच. बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा असेल किंवा कर्मचाऱ्यांना शेअर द्यायचे असतील, तर मात्र कंपनीच काढा.

एलएलपी किंवा कंपनी काढून निर्धास्त होणाऱ्यांना एक गोष्ट मी आवर्जून सांगतो. छोट्या धंद्याला कर्ज देताना बँक बहुतेक वेळा भागीदारांची किंवा संचालकांची वैयक्तिक हमी घेते. त्या सहीनंतर बँकेपुरतं 'मर्यादित' काही उरत नाही. कवच कामी येतं ते पुरवठादार, गिऱ्हाईक आणि कोर्टातल्या दाव्यांपुढे.

म्हणून दोघं विश्वासातले, रोखीचा व्यवहार, उधारी थोडी, असं असेल तर नोंदणी केलेली फर्म चालेल. माल उधारीवर उचलायचा असेल किंवा कामात नुकसानभरपाईचा धोका असेल, तर एलएलपीचा वार्षिक खर्च मी आनंदाने सोसायला सांगेन. 'नंतर बदलू' म्हणत असाल तर एवढं ध्यानात ठेवा, की रूप बदललं की पॅन बदलतो आणि पॅनबरोबर जीएसटी नंबरही. मग बँक खातं, परवाने, गिऱ्हाइकांकडची नोंद, सगळं नव्याने.

आणि काहीही निवडलं तरी करार नीट लिहून घ्या. डीडमध्ये वेगळं लिहिलं नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. पगाराचं कलम नसेल तर दिवसभर दुकानात राबणाऱ्या भागीदाराला पगार मागता येत नाही. बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा कसा मोजायचा आणि किती महिन्यांत द्यायचा, हे कलमही त्यात हवं. ते लिहायची वेळ आज आहे, दोघं एका टेबलाशी हसत बसलेले असताना.