शुगरलोफ की कोर्कोवादो?

रिओ दि जानेरोत एकच दुपार हाताशी असेल, तर बहुतेक जण डोळे मिटून कोर्कोवादोचा डोंगर गाठतात. येशूचा तो ३० मीटरचा पुतळा तिथे आहे ना! माझं मत मात्र शुगरलोफ या दुसऱ्या डोंगराला.

उंचीत शुगरलोफ मार खातो: ७१० मीटरपुढे जेमतेम ३९६. पण कोर्कोवादोवर ढग उतरले की पुतळ्याच्या पायाशी उभं राहूनही त्याचा चेहरा दिसत नाही; तिकिटाचे पैसे पाण्यात. शुगरलोफचा तो बोडका कातळ थेट ग्वानाबारा उपसागराच्या तोंडाशी उभा आहे. खाली बोताफोगोच्या खाडीत नांगरलेल्या बोटी, दुसऱ्या अंगाला कोपाकबानाची वाळू, आणि सांतोस दुमोंत विमानतळावर उतरणारी विमानं अगदी समोरून वळताना दिसतात. सूर्य मावळतो कोर्कोवादोच्या बाजूच्या डोंगरांमागे, म्हणजे पुतळा इथूनही दिसतोच की.

शुगरलोफची केबल कार दोन टप्प्यांत जाते. पहिला टप्पा १९१२चा, उर्का टेकडीपर्यंत; शिखरापर्यंतचा पुढच्या वर्षीचा. पाय धडधाकट असतील तर उर्कापर्यंत झाडीतल्या पायवाटेनं चढावं.

कोर्कोवादोची १८८४ची दातेरी रुळांची रेल्वे मात्र झकास. तिजुकाच्या जंगलातून जाते, आणि १९३१ साली उभ्या राहिलेल्या पुतळ्याचं सामानही तिनंच वर नेलं. पुतळ्याचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे फोटोसाठीच जायचं असेल तर आकाश निरभ्र बघून सकाळची पहिली गाडी पकडा.