एक्सोम की जीनोम? बाळाची जनुकीय तपासणी निवडताना

एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) दारात डॉक्टर सांगतात, "जेनेटिक टेस्ट करून घ्या." त्यांना आधी एवढंच विचारा: तुम्हाला संशय कशाचा आहे? तपासणी त्यावरूनच ठरते.

टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन कागदावर टिपतात, ती निव्वळ चाळणी. तिच्यात ठरावीक आजारच सापडतात आणि निदान पक्कं करायला पुढची तपासणी लागतेच. चेहरेपट्टीवरून डाउन सिंड्रोम वाटत असेल तर कॅरिओटाइप (गुणसूत्रांची संख्या आणि रचना बघणारी तपासणी) पुरेसा आहे. जुनी, साधी तपासणी. पण ट्रान्सलोकेशन, म्हणजे एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला जोडला गेलेला, आहे का ते तिच्यातच दिसतं, आणि पुढच्या बाळाचा धोका त्यावर ठरतो. हृदयात दोष, टाळू फाटलेली, कॅल्शियम कमी असं एकत्र दिसलं, तर २२व्या गुणसूत्रावरच्या २२क्यू११ भागाचा तुकडा गळालाय का ते मायक्रोॲरे (गुणसूत्रांचे गळालेले किंवा जास्तीचे बारीक तुकडे शोधणारी तपासणी) दाखवतो.

बाळ लुळं असेल तर नीट बघा. डोळे तरतरीत, पण हातपाय हलत नाहीत? एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या जनुकीय आजारासाठी एसएमएन१ जनुकाची एमएलपीए (जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी) करा. जवळजवळ हुबेहूब एसएमएन२ शेजारीच असल्यामुळे एक्सोम (जनुकांमधले प्रथिनं बनवणारे भाग वाचणारी तपासणी) इथे फसू शकतो. लुळं आहे आणि दूधही ओढत नाही, तर प्रेडर-विली या जनुकीय आजारासाठी मिथायलेशन तपासणी (डीएनएवरच्या, जनुक चालू-बंद करणाऱ्या रासायनिक खुणा बघणारी). तेही साध्या एक्सोममध्ये सहसा निसटतं.

काहीच बोट ठेवण्यासारखं नसेल, तेव्हा एक्सोम की जीनोम हा प्रश्न खरा. एक्सोम जीनोमचा, म्हणजे संपूर्ण डीएनएचा, जेमतेम १-२ टक्के भाग वाचतो, पण आजार घडवणारे माहीत असलेले बहुतेक बदल तिथेच असतात. जीनोम तपासणी सगळं वाचते, महाग पडते, आणि त्यातल्या बऱ्याच भागाचा अर्थ आज लावता येत नाही. पैसे मोजकेच असतील तर एकट्या बाळाच्या जीनोमपेक्षा मी ट्रायो एक्सोम घेईन: बाळ, आई, वडील, तिघांचं रक्त एकदम. बदल आईवडिलांकडून आला की बाळात नव्याने झाला, हे लगेच कळतं आणि 'अर्थ अनिश्चित' असे शेरे कमी होतात.

एक्सोम निगेटिव्ह आला म्हणजे आजार नाही, असं मात्र समजू नका.

निदानाचं नाव मिळालं की मदतीचे दरवाजेही उघडतात. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली ठरलेल्या केंद्रांमध्ये मुंबईचं केईएम आहे. धोरणात बसणाऱ्या आजारांना ५० लाखांपर्यंत साहाय्य मिळू शकतं.

आणि बाळाला रक्त चढवण्याआधी जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत थोडं रक्त काढून डीएनए जपून ठेवायला सांगा. विचारायला जीव धजत नाही, तरी विचारा. बाळ हाती लागलं नाही तरी त्या नळीतून बदल सापडू शकतो. आईवडील दोघंही एकाच आजाराचे वाहक (स्वतः निरोगी, पण सदोष जनुकाची एक प्रत असलेले) निघाले तर दर खेपेला २५ टक्के धोका असतो, आणि तो बदल माहीत असेल तरच पुढच्या गरोदरपणात ११ आठवड्यांनंतर वारेचा तुकडा तपासून उत्तर मिळतं.