आधी समज की आधी श्रद्धा?

हिंदू पंडित नीळकंठशास्त्री गोरे यांनी काशीत बायबल उघडलं ते खंडन करायला, आणि १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. वाट सगळी तर्काची. पण तर्कानं आलेल्याला शंकाही तर्कानंच गाठतात. गोऱ्यांना त्या नंतरही छळत राहिल्या.

पंडिता रमाबाईंची गोष्ट इतकी सरळ नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊनही त्रैक्याच्या सिद्धांतावर (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) त्या आपल्या मार्गदर्शक, अँग्लिकन जोगीण सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून भांडत होत्या. (अनंतशास्त्री डोंगऱ्यांची लेक, पटल्याशिवाय मान डोलावेल कशी?) पुढे त्यांनीच कबूल केलं की आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. तो काही वर्षांनी भेटला, आणि वाद जिंकून नव्हे. मला हीच वाट अधिक टिकाऊ वाटते. अर्थात बुद्धी त्यांनी गुंडाळून ठेवली नाही: केडगावात हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणायला त्या शेवटपर्यंत बसल्या.