घडीव सांगितलं, ओतीव निघालं

ऑकलंडहून दक्षिणेला निघालं की स्टेट हायवे १ वर एक चढ लागतो. त्याचं नाव बॉम्बे हिल्स. आपल्या मुंबईशी त्याचं नातं एवढंच, की १८६३ साली इथल्या वसाहतीसाठी माणसं घेऊन आलेल्या जहाजाचं नाव ‘बॉम्बे’ होतं. मार्च २०२२ मधल्या एका शनिवारी सकाळी त्या चढावर माझ्या सुबारू लेगसी बी४ ने असा काही निळा धूर सोडला की आरशात मागची गाडी दिसेना. तीनच महिन्यांपूर्वी या इंजिनात फोर्ज्ड, म्हणजे घडीव, पिस्टन बसवल्याचे मी ९,८०० डॉलर मोजले होते.

गाडी २००६ सालची, जपानमध्ये वापरून झालेली, लिलावातून इकडे आलेली. न्यूझीलंडमध्ये अशा गाड्या पैशाला पासरी. रेडिओ जपानी, त्यामुळे ९० मेगाहर्ट्झच्या वरचं इथलं एकही स्टेशन लागत नाही. नेव्हिगेशनमधली बाई अजून जपानीतच वळायला सांगते. पण दोन लिटरचं टर्बो बॉक्सर इंजिन, चारही चाकांना ताकद आणि पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स. कागदावर २८० पीएस, म्हणजे २०६ किलोवॅट. जपानी कंपन्यांनी १९८९ पासून आपसात ठरवलेली हीच मर्यादा होती. २००४ मध्ये ती मोडली, पण बऱ्याच गाड्यांच्या कागदावर आकडा तोच राहिला. २०१९ मध्ये मी ती १४,५०० डॉलरला घेतली. दोन वर्षं सुखाने चालवली. मग ताकद वाढवायची खाज सुटली.

आमचे आप्पा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर आयुष्यभर उभे राहिले. त्यांच्याकडे इंजिनाचं काम आलं की काढलेला पिस्टन, रिंगा, बुश, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी द्यायचेच. ‘काढलेला माल गिऱ्हाइकाचा,’ हे मी शाळेत पाढे म्हणायच्या वयापासून ऐकत आलो. आणि ऑकलंडमध्ये ९,८०० डॉलर देताना मला ते आठवलं नाही, असंही नाही. आठवलं. पण मागायला लाज वाटली. राखाडी रंगाची चकचकीत फरशी, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने, गिऱ्हाइकासाठी कॉफीचं मशीन. अशा ठिकाणी ‘माझे जुने पिस्टन द्या’ म्हणणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं, असं वाटलं. शिवाय मनात कुठेतरी होतंच, की इथली माणसं असलं काही करत नाहीत.

त्या वर्कशॉपचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. मालक तिशीतला, बोलायला गोड. गाडीखाली शिरून बाहेर आला आणि म्हणाला, चार नंबरच्या सिलिंडरला कॉम्प्रेशन कमी आहे, रिंग लँड तडकली असणार. रिंग लँड म्हणजे पिस्टनवर दोन रिंगांच्या मधे असते ती पातळ कड. सुबारूचा चार नंबर बदनाम आहे, ही कीर्ती मी वाचून होतो, त्यामुळे मला लगेच पटलं. गेज मी पाहिलं नाही, चाचणी माझ्यासमोर झाली नाही. आजारही त्याचा, निदानही त्याचं, औषधही त्याच्याच दुकानातलं. औषध असं: चार फोर्ज्ड पिस्टन आणि इंजिनाचं पूर्ण काम ९,८०० डॉलर, ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं, कस्टम ट्यूनिंग १,४००, इंटरकूलर आणि पाइप १,९००, आणि फेरबदलांसाठी इथे लागणारं लो व्हॉल्यूम व्हेइकल सर्टिफिकेट ७००. एकूण १३,८००. रुपयांत सात लाखांच्या आसपास. बँकेतून थेट दिलेत तर थोडी सूट देतो म्हणाला. मी दिले. क्रेडिट कार्डाने दिले असते तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे भरलेला पैसा परत, मागता आला असता. त्या सवलतीचा अर्थ आता लागतो.

जुलै २०२१ मध्ये गाडी दिली. ऑगस्टमध्ये ऑकलंड बंद झालं आणि बराच काळ बंद राहिलं. म्हणजे जाऊन बघायची सोयच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येत: उघडलेला ब्लॉक, चांदीसारखे पिस्टन, हातमोजे घातलेला हात. मी ते फोटो कोल्हापूरलाही पाठवले, कौतुकाने. आप्पांनी एवढंच विचारलं, ‘इंजिन नंबर कुठं दिसंना?’ मी म्हटलं, आप्पा, तुम्ही पण ना. आज ते फोटो पुन्हा पाहतो तर खरंच एकाही फोटोत नंबर नाही. ते इंजिन कुणाचं होतं, देव जाणे.

डिसेंबरात गाडी मिळाली. बॉनेट उघडलं तर डोळे दिपले. लाल सिलिकॉनच्या नळ्या, रंगवलेला मॅनिफोल्ड, पुसून लख्ख केलेला सगळा खण. इंजिनाचा शृंगार केला होता. सोबत डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद: आधी चाकांवर १५८ किलोवॅट, आता ६,२०० आरपीएमला २३१. गाडी आधीपेक्षा जोरात पळतही होती, त्यामुळे शंकेला जागा राहिली नाही. मी प्रामाणिकपणे विमा कंपनीला नवा आकडा कळवला, त्यांनी हप्ता वाढवला. नसलेल्या घोड्यांचा चारा मी तीन महिने भरत होतो.

आता या कागदाबद्दल जरा सविस्तर, कारण हे कुणालाही घरबसल्या तपासता येतं. पॉवर आणि टॉर्क या दोन वेगळ्या गोष्टी मोजत नाहीत. एकीतून दुसरी निघते. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९,५४९, की किलोवॅट मिळाले. माझ्या कागदावर ६,२०० ला टॉर्कची रेघ २७५ वर होती. गुणाकार करून पाहा: १७९ येतात. छापलेत २३१. टॉर्कची रेघ माझ्या गाडीची, पॉवरची रेघ दुसऱ्या कुणाची तरी चिकटवलेली. अकरावीच्या पोरालाही जमेल असं गणित, आणि मी संगणक अभियंता, तो कागद फ्रिजला चुंबकाने लावून चार पाहुण्यांना दाखवला. याहून सभ्य लबाड्याही असतात: हवेचं तापमान किंवा दाब चुकीचा भरला की सॉफ्टवेअर दुरुस्ती म्हणून आकडा आपोआप फुगवतं. म्हणून आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही कागदांच्या कोपऱ्यातलं तापमान, दाब आणि गिअर जुळतायत का, ते बघायचं. माझ्या माणसाने तेवढेही कष्ट घेतले नव्हते.

धूर निघाल्यावर गाडी ट्रकवर घालून दुसऱ्या वर्कशॉपला नेली. तिथले मेकॅनिक सामोआचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी मला शेजारी उभं करून कॉम्प्रेशन मोजलं. तीन सिलिंडर दीडशे पीएसआयच्या घरात, चौथा ८५. मग इंजिन उतरवताना ते थांबले आणि मला खाली बोलावलं. सुबारूच्या या इंजिनात पिस्टन पिनेपर्यंत पोचायला ब्लॉकला बाजूने भोकं असतात, पुढच्या भोकाला अ‍ॅलनचा जाड प्लग असतो. पिस्टन काढायचा तर हा प्लग सोडवावाच लागतो. त्यांनी टॉर्च मारला. प्लगच्या खाचेत सोळा वर्षांची माती तेलात भिजून दगडासारखी बसली होती. अ‍ॅलन की आत जाईना, आधी टोच्याने खरवडावं लागलं. ब्लॉकच्या दोन अर्धुकांमधला कंपनीचा सीलंट जसाच्या तसा. माउंटिंगच्या नटांवरही पान्याची खूण नाही. इंजिन उघडणं तर सोडाच, ते गाडीतून खालीच उतरलं नव्हतं. मी त्या बुजलेल्या प्लगकडे बघत उभा होतो आणि त्यांनी काही न बोलता माझा फोन मागून त्याचे फोटो काढले, इंजिन नंबरासकट. पुढे तेच कामाला आले.

पिस्टन बाहेर आले. चारही कंपनीचेच, ओतीव. चार नंबरची रिंग लँड तुटून तिचा नखाएवढा तुकडा गायब. म्हणजे त्या भल्या माणसाने खोटं सांगितलेलं दुखणं त्यानेच तीन महिन्यांत खरं करून दिलं. कसं, ते ईसीयू वाचल्यावर कळलं. एका मित्राकडून टॅक्ट्रिक्सची ओपनपोर्ट केबल आणली, फाइल उतरवून घेतली. ‘फाइल माझी मालमत्ता आहे, लॉक केलीय,’ असं पहिल्या वर्कशॉपचा मालक म्हणाला होता. कुलूप वगैरे काही नव्हतं. त्याच रॉम क्रमांकाची मूळ फाइल मिळवली आणि रोमरेडर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही शेजारी ठेवल्या. माझा रोजचा धंदाच फायलींतले फरक शोधण्याचा आहे. १,४०० डॉलरच्या कस्टम ट्यूनिंगमध्ये बदल किती? बूस्टच्या, म्हणजे टर्बोच्या हवेच्या दाबाच्या, तक्त्यात सरसकट दहा टक्के वाढ. १८० चा वेगाचा अडसर काढलेला. मागच्या ऑक्सिजन सेन्सरची तक्रार बंद केलेली. संपलं. इग्निशन टायमिंगचा, म्हणजे ठिणगी कधी पडावी त्याचा, तक्ता शेवटच्या घरापर्यंत जपानी.

खरी मेख तिथे आहे. जपानमधलं हाय-ऑक्टेन पेट्रोल सर्रास १०० ऑक्टेनचं असतं आणि या गाडीचं टायमिंग त्या हिशेबाने लावलेलं असतं. इथे बहुतेक पंपांवर फार तर ९८ मिळतं. शहाणा ट्यूनर इथे आधी टायमिंग मागे घेतो, मग बूस्टला हात लावतो. याने उलट केलं आणि वर मला सांगितलं, ‘९५ टाकलंस तरी चालेल, नवे पिस्टन सोसतील.’ मी अधूनमधून टाकलंही. नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून बसणारे ठोके, होत राहिलं, ओतीव पिस्टनची कड ते सोसेना. सुबारूचा ईसीयू नॉकिंगवर स्वतःच्या भरवशाचा एक आकडा ठेवतो, त्याला आयएएम म्हणतात. तो १ असायला हवा. माझा ०.५ वर येऊन बसला होता. गाडी केव्हाची बोंबलत होती, मी फ्रिजवरचा कागद बघत होतो.

सर्टिफिकेटचे ७०० सुद्धा बुडाले, हे सांगायचं राहिलं. ते झालं की गाडीला एक धातूची पट्टी लागते. माझ्या गाडीला पट्टी नव्हतीच.

इथे डिस्प्युट्स ट्रिब्युनल म्हणून सोय आहे. तेव्हा ३०,००० डॉलरपर्यंतचे दावे चालायचे, वकील आणता येत नाही, माझ्या रकमेला फी तेव्हा १८० डॉलर होती. १९९३ च्या कन्झ्यूमर गॅरंटीज कायद्यानुसार सेवा वाजवी काळजीने आणि कसबाने दिली पाहिजे, एवढा मुद्दा घेऊन गेलो. सोबत दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी अहवाल, प्लगचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅपचे संवाद आणि बिल. बिलावर ‘फोर्ज्ड पिस्टन, ४ नग’ एवढंच. ना कंपनी, ना पार्ट नंबर, ना माप. रेफरीने, म्हणजे तिथे निवाडा करणाऱ्याने, वर्कशॉपच्या मालकाला पिस्टन खरेदीची पावती मागितली. तो म्हणाला, गिऱ्हाइकाने गाडी ट्रॅकवर पळवली. पुन्हा पावती मागितली. पुन्हा ट्रॅक. इंटरकूलर आणि पाइप खरोखर बसवले होते, ते सोडून ११,९०० डॉलर परत द्यायचा आदेश माझ्या बाजूने झाला. त्या रात्री आम्ही घरी श्रीखंड केलं.

दीड महिन्यात वर्कशॉपची ती कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे बुडीत निघाली. माझ्यासारख्या बिनतारणाच्या धनकोंच्या वाट्याला शून्य आलं. मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं: कंपनीज रजिस्टर उघडलं. ते ऑनलाइन आहे, फुकट आहे. संचालकाच्या नावाने शोधलं. याआधीच्या दोन कंपन्या अशाच बुडवलेल्या, आणि मिळत्याजुळत्या नावाची चौथी, सुनावणीच्या दोन महिने आधी नोंदवलेली. पत्ता तोच. कॉफीचं मशीनही तेच असणार. नाव लिहीत नाही ते यासाठी. उद्या पाचवं नाव असेल. गाडी देण्याआधी संचालकाचं नाव रजिस्टरवर टाकून बघायला पाच मिनिटं लागतात.

गाडीत आता भंगारवाल्याकडून आणलेलं, जपानहून उतरलेलं जुनं इंजिन आहे. बूस्ट कंपनीचा, टायमिंग सामोआच्या मेकॅनिकांनी ९८ साठी मागे घेतलेलं. विम्याचा हप्ताही उतरला.

गेल्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा तुटका चार नंबर सामानातून नेला होता. आप्पांना आता नीट दिसत नाही. त्यांनी पिस्टन उलटा केला, आतल्या बाजूने अंगठा फिरवला, साच्याच्या जोडाच्या रेघेवर थांबवला.

‘ह्यो ओतीव हाय. घडीव म्हनून कुनी दिला तुला?’

मी सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, पिस्टन पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला.

‘बाकीची तीन कुठं हाईत?’

‘ऑकलंडला. खोक्यात भरून घरी ठेवलेत, आप्पा.’

‘मागून घेतलीस न्हवं?’

‘न मागताच दिले त्यांनी.’

‘मग त्यो मानूस बरा हाय,’ आप्पा म्हणाले, आणि चहा मागवला.