क्रिबच्या पिल्लांसाठी आणलेला आर्टेमियाचा संच: आठ महिने वापरल्यानंतर

मागच्या श्रावणात आमच्या टँकमधल्या क्रिबेन्सिस (थोडक्यात क्रिब) या छोट्या माशांच्या जोडीने पहिल्यांदा करवंटीत अंडी घातली. आठव्या दिवशी मादी पिल्लांचा घोळका घेऊन बाहेर आली. शंभरेक तरी असतील. दुकानात सांगितल्याप्रमाणे मी उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून द्यायला लागलो. बलक पिल्लांच्या पोटात थोडा आणि रेतीत जास्त गेला. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं, सहाव्या दिवशी झाकण उघडलं की वास यायचा, आणि पंधरवड्याने मोजली तर आठ पिल्लं उरली होती. मादी रोज संध्याकाळी त्या आठांनाच गोळा करून करवंटीत नेत होती. ते बघवत नव्हतं.

म्हणून दसऱ्याच्या आधी पुण्याच्या कॅम्पातल्या एका दुकानातून आर्टेमियाची, म्हणजे पिल्लांना जिवंत खाऊ घालायच्या, खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जीवांची, अंडी उबवायचा हा संच आणला. ३८० रुपये पडले. खोक्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नाही, नुसतं उलट्या बाटलीचं चित्र आहे. त्यामुळे ‘कुठला घेतलास’ असं विचाराल तर नाव सांगता येणार नाही, वर्णनावरून ओळखावा लागेल. निळं, जाड प्लास्टिकचं बूच, त्याला दोन नळ्या: एकीतून हवा आत, दुसरीला छोटा कॉक, त्यातून पाणी बाहेर. तारेचा तिपाई स्टँड, एक चिमुकला चमचा आणि एक जाळीचा कप. बाटली आपली आपण आणायची. कोल्डड्रिंकची सव्वा लिटरची बाटली घेतली, बूड कापलं, उलटी करून बुचावर बसवली. हवेची मोटर घरात होतीच.

मी भोसरीला टूलरूममध्ये काम करतो, राहायला विश्रांतवाडीला. पाळ्या दर आठवड्याला बदलतात. जिवंत खाद्य म्हणजे आपल्याला झेपणारं काम नाही, अशी माझी पक्की समजूत होती. पण या बाटलीचं गणित चोवीस तासांचं आहे आणि ते कुठल्याही पाळीत बसतं. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून. चिमूटभर खायचा सोडा. पाव चमचा आर्टेमियाची अंडी. हवा चांगली जोरात सोडायची, म्हणजे एकही अंडं तळाशी बसून राहत नाही. वर दिवा. पाणी २७-२८ अंशांवर असलं की दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बाटलीतलं पाणी तपकिरीचं केशरी झालेलं दिसतं.

मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबायचं. टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाशी जातात आणि पोहणारी पोरं उजेडाकडे धावतात. बाटलीचा वरचा भाग फडक्याने झाकून कॉकपाशी मोबाईलचा टॉर्च धरला की पाच मिनिटांत तिथे केशरी ढग जमतो. आधी चमचाभर पाणी टाकून द्यायचं, कारण त्यात न फुटलेली अंडी असतात. मग हलक्या हाताने केशरी पाणी जाळीत घ्यायचं आणि टरफलं कॉकपर्यंत उतरायच्या आत बंद करायचं. उलट्या बाटलीचा खरा फायदा इथे आहे. मी आधी एकदा साध्या बरणीत करून पाहिलं होतं, तेव्हा टरफलं वेगळी करता करता रात्रीचे साडेबारा वाजले होते. टरफलं पोटात गेली तर इतक्या लहान पिल्लांची आतडी तुंबतात, म्हणून त्यात हयगय करता येत नाही.

जोडीने पुन्हा पिल्लं काढल्यावर पहिल्यांदा आर्टेमिया टाकला तो शनिवार होता आणि मुलगी शेजारी बसली होती. ड्रॉपरने करवंटीच्या तोंडाशी चार-पाच थेंब सोडले. क्रिबचं पिल्लू तेव्हा जेमतेम पाच मिलिमीटरचं, काचेसारखं आरपार, फक्त डोळे काळे. ते आर्टेमियापाशी येऊन थबकलं, अंग एका बाजूला वळवून धनुष्यासारखं ताणलं आणि झटक्यात पुढे गेलं. आर्टेमिया गायब. पुन्हा थबकलं, पुन्हा ताणलं. दहा मिनिटांत त्याच्या पोटात केशरी ठिपका दिसायला लागला, आणि थोड्या वेळाने तर सगळा घोळकाच पोटात केशरी दिवा लावल्यासारखा फिरत होता. मुलीने काचेवर बोट लावून एकेकाचं पोट तपासलं. कोण जेवलं आणि कोण उपाशी राहिलं हे असं बाहेरून दिसणं, याची किंमत पिल्लं वाढवणाऱ्याला विचारा. बलक देताना मला काहीच कळत नव्हतं.

त्या खेपेला महिन्याने मोबाईलवर फोटो काढून मोजली, तर ७४ पिल्लं होती.

आता उणिवा. पहिली म्हणजे कॉक. दुसऱ्याच आठवड्यात थेंब थेंब गळायला लागला. रात्रपाळीहून आलो तर ओट्यावर मिठाचं पाणी आणि बाटली अर्धी रिकामी. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे तीन वेढे दिले, तेव्हापासून ठीक आहे. हे काम कुणालाही पाच मिनिटांत जमेल, पण घेतल्या घेतल्याच करून टाका. दुसरी म्हणजे जाळीचा कप. त्याची वीण इतकी मोठी आहे की निम्मा आर्टेमिया त्यातून निघून जातो. नुकता फुटलेला आर्टेमिया अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो, त्याला ही चहाच्या गाळणीसारखी जाळी काय धरणार? मी स्क्रीन प्रिंटिंगचं बारीक कापड आणून पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर ताणून चिकटवलं. ज्यांच्याकडे कापड नाही त्यांनी जुना सुती रुमाल वापरावा, चालतो.

तिसरी चूक निम्मी माझी आहे, पण ती खोक्यावर लिहायलाच हवी होती. हवेच्या नळीला उलटझडप (पाणी उलटं मोटरकडे जाऊ न देणारी झडप) दिलेली नाही. माझी मोटर ओट्याखाली होती. नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली, खारं पाणी नळीतून उतरून मोटरमध्ये शिरलं आणि मोटर कायमची गेली. उलटझडप दहा-वीस रुपयांत मिळते. ती लावा, आणि मोटर बाटलीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा.

स्टँड हलका आहे. भरलेली बाटली वर जड आणि खाली तारा, त्यामुळे धक्का लागला की डोलते. मी तो फरशीच्या तुकड्यावर तारेने बांधला. मोजायचा चमचा मात्र उत्तम आहे, रोज वापरतो.

थंडीत हा संच एकटा पुरत नाही. जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा दहाच्या आसपास येतो, घरातलं पाणी विशीवर उतरतं आणि अंडी फुटायला दोन-दोन दिवस लागतात. तोवर पिल्लं उपाशी. मग मी बादलीत पाणी घेऊन त्यात ५० वॅटचा हीटर सोडला आणि बाटली त्या पाण्यात टांगली. वेळ पुन्हा चोवीस-सव्वीस तासांवर आली. उलट मे महिन्यात बाटली नुसती ओट्यावर ठेवली तरी वीस तासांत काम होत होतं.

अंड्यांबद्दल जास्त सांगायला हवं, कारण संच कितीही चांगला असला तरी अंडी निकामी असतील तर काही उपयोग नाही. ऑनलाइन घेतलेल्या एका पाकिटातली निम्मीसुद्धा फुटली नाहीत. विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. दुकानातली सुटी अंडीही मी आता घेत नाही. डबा दिवसातून दहा वेळा उघडला जातो, आणि आपल्या पावसाळ्यात या अंड्यांनी दमट हवा ओढली की ती गेलीच. आता छोटा सीलबंद डबा घेतो, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ओततो आणि फ्रिजमध्ये ठेवतो. बायकोने मेथीच्या डब्याशेजारी जागा करून दिली आहे.

आणखी एक. एका संचावर भागत नाही. आर्टेमिया फुटल्यावर पहिले काही तासच त्याच्या अंगात खरी चरबी असते, मग तो स्वतःचीच पुंजी खाऊन टाकतो. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलेला आर्टेमिया पिल्लं खातात, पण वाढ तितकी होत नाही. गाळून थोड्या खाऱ्या पाण्यात फ्रिजमध्ये ठेवला तर दिवसभर बरा टिकतो. तरी मी दिवाळीनंतर दुसरा संच आणला आणि दोन्ही बाटल्या आलटून-पालटून, एका दिवशी एक अशा लावतो. म्हणजे खर्च ३८० नाही, उलटझडपा धरून आठशेच्या घरात धरा.

टँकच्या पाण्याचं काम हा संच करत नाही, ते वेगळं सांभाळावं लागतं. पिल्लांच्या टँकमध्ये माझा जुना, मुरलेला (पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू आत स्थिरावलेला) स्पंज फिल्टर आहे आणि रोज तळाचं थोडं पाणी नळीने ओढून बदलतो. महापालिकेची ती ठरलेली सूचना आली, गुरुवारी पाणी बंद आणि शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने, की मी बुधवारीच दोन बादल्या भरून हवा लावून ठेवतो. शुक्रवारच्या पाण्याला एखाद्या वेळी क्लोरीनचा वास येतो. ते थेट टाकलं तर स्पंजमधले जिवाणू मरतात आणि त्यांच्या मागोमाग पिल्लं. स्पंजही नळाखाली नाही, टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा.

हा संच कुणी घ्यावा? क्रिब, कॉन्व्हिक्ट, एंजल हे मासे पाळणाऱ्यांनी जरूर घ्यावा. डिस्कसची पिल्लं पहिले काही दिवस आईबापांच्या अंगावरचा चिकटा खातात, त्यानंतर त्यांनाही आर्टेमिया लागतोच. मलावी सरोवराचे मासे पाळत असाल तर घेऊ नका. त्यांची मादी पिल्लं तोंडात तीनेक आठवडे वाढवून बाहेर सोडते, तोवर ती इतकी मोठी झालेली असतात की बारीक केलेलं साधं खाद्य पहिल्याच दिवशी खातात.

माझं आजोळ राजापूरकडचं. तिथे खाडीतली काळुंदर तव्यावर खातच मी मोठा झालो. ती सिक्लिड, म्हणजे क्रिबच्याच कुळातली आहे, आपल्या देशात ज्या तीनच जाती आहेत त्यांतली एक, हे मला क्रिब पाळायला लागल्यावर कळलं. तीही आईबाप मिळून पिल्लं राखते. मामाला फोन करून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “अरे, उथळ पाण्यात जोडी फिरताना दिसते आणि मध्ये पिल्लांचा ढग असतो, तो आम्ही लहानपणापासून बघतोय.”

तर टेफ्लॉन टेप, उलटझडप आणि बारीक कापड यांची तयारी असेल तर माझ्याकडून पाचपैकी चार. कॉक पितळी दिला असता तर पाच दिले असते. परवापासून मादी पुन्हा करवंटीतून बाहेर यायला तयार नाही, पोट गडद लाल झालंय आणि नर दाराशी पहारा देतोय. पहिली बाटली आज पहिल्या पाळीहून आलो की लावणार होतो, पण अंडी पिल्लं होऊन पोहायला लागेपर्यंत अजून पाच दिवस आहेत, म्हणून रविवारवर ढकललीय.