मोटोक्रॉस, ड्युअल-स्पोर्ट की साधं फुल-फेस? मातीत जाणाऱ्याचं हेल्मेट

एक्सपल्स किंवा हिमालयनसारखी मातीतही चालणारी मोटरसायकल घरी आली की हेल्मेटचा प्रश्न लगेच उभा राहतो. दुकानात लांब हनुवटीचं, चोचवालं, भडक रंगाचं हेल्मेट दिसतं आणि हात तिकडेच जातो. पण निवड मातीवरून करू नका. मातीपर्यंत पोहोचायला किती डांबर कापावं लागतं, ते आधी मोजा. पुण्याहून सकाळी निघून घाटमाथ्यावरच्या कच्च्या वाटांवर जाणाऱ्याचे दिवसभरात दीडशे किलोमीटर झाले, तरी त्यातले खरे कच्चे वीस-पंचवीसच असतात. उलट, टेम्पोत गाडी टाकून ट्रॅकवर नेणाऱ्याचं डांबर शून्य. या दोघांनी एकच हेल्मेट घेतलं तर एक जण नक्की पस्तावणार.

मोटोक्रॉस हेल्मेटला काच नसते, त्यावर गॉगल चढवायचा. हनुवटीचा भाग तोंडापासून चांगला पुढे असतो आणि ती शोभा नव्हे. पहिल्या गिअरमध्ये, फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहून, दगडगोट्यांतून ताशी दहा-पंधराच्या वेगाने चढताना वारा जवळपास लागत नाही, धाप मात्र धावल्यासारखी लागते. तेव्हा तोंडासमोरची ती मोकळी जागाच कामाला येते. वरची चोच, म्हणजे पीक, उन्हापेक्षाही पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाने उडवलेल्या खड्यांसाठी आणि करवंदीच्या जाळ्यांसाठी आहे. मान किंचित खाली केली की मारा चोचीवर जातो. बऱ्याच हेल्मेटांत तिचे स्क्रू मुद्दाम प्लास्टिकचे असतात. पडल्यावर चोच जमिनीत किंवा फांदीत अडकली तर ती तुटून सुटायला हवी, नाहीतर तीच मान पिरगाळते. एखादा स्क्रू हरवला म्हणून गॅरेजमधून स्टीलचा बोल्ट लावून घेतात, तो प्रकार टाळा. कंपनीचाच स्क्रू मागवा.

याच चोचीचा त्रास हायवेवर होतो. ताशी ऐंशी-नव्वदच्या पुढे ती वारा धरते, हेल्मेट वर ओढलं जातं आणि मागचं वाहन बघायला मान वळवली की झटका बसतो. तासाभरात मान आणि खांदे भरून येतात. गॉगलच्या कडेतून आवाज घुमतो, आणि वाटेत पाऊस आलाच तर हनुवटी ओलीचिंब.

ड्युअल-स्पोर्ट हेल्मेट म्हणजे डांबर आणि माती दोन्हींसाठीची तडजोड, पण आपल्याकडच्या बहुतेकांसाठी शहाणी तडजोड. काच आहे, चोच आहे, हनुवटी मोटोक्रॉसइतकी नसली तरी पुढे आहे. चांगल्या मॉडेलमध्ये चोच काढून बाजूला बसवायच्या छोट्या पट्ट्या मिळतात, म्हणजे लांबच्या प्रवासात ते साधं फुल-फेस, म्हणजे हनुवटीसकट पूर्ण चेहरा झाकणारं रस्त्यावरचं हेल्मेट होतं. काच वर करून आत गॉगलही लावता येतो. पण तो खरंच बसतो का, हे दुकानातच बघा. काही हेल्मेटांत गॉगलची फ्रेम कडेला दाबली जाते आणि काच खाली आणताना त्यावर आपटते. याचं वजन साधारण दीड ते पावणेदोन किलो, मोटोक्रॉसचं बहुधा तेराशे ते पंधराशे ग्रॅम. हा फरक हातात जाणवत नाही, दुपारी चार वाजता मानेला जाणवतो.

ड्युअल-स्पोर्टचा नाजूक भाग म्हणजे काच. कोकणातला जांभ्याचा लाल फुफाटा कोरड्या कापडाने पुसला की काचेवर बारीक चरे पडतात, आणि संध्याकाळी समोरून दिवे आले की प्रत्येक चरा चमकतो. आधी पाणी ओता, धूळ वाहून जाऊ द्या, मग मऊ कापड टेकवा.

साधं, नीट बसणारं फुल-फेस आधीच घरात असेल आणि जाणं फक्त खडीच्या गावरस्त्यांपुरतं असेल, तर पहिले काही महिने नवीन खर्च करूच नका. अपघातात ते कुठे कमी पडत नाही. कमी पडतं ते श्वासात: तोंड बंदिस्त, संथ चढावर काचेवर वाफ, मग काच उघडी ठेवणं आणि डोळ्यांत माती.

हनुवटी उघडी ठेवणारी हेल्मेटं या तुलनेत घेतलेलीच नाहीत. माणूस मातीत हँडलवरून पुढे, तोंडावर पडतो. आणखी एक गल्लत होते ती डाउनहिल सायकलच्या हेल्मेटची. दिसायला हुबेहूब मोटोक्रॉस, वजन किलोच्या आसपास, म्हणून मोह होतो. पण त्याची चाचणी सायकलच्या मापदंडांवर झालेली असते, मोटरसायकलच्या नाही. कायद्यातही ते चालत नाही.

कायद्याचं थोडक्यात. १ जून २०२१ पासून भारतात दुचाकीसाठी आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट बनवता किंवा विकता येत नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार डोक्यावरही प्रमाणितच हवं. लागू मानक आयएस ४१५१. मार्कजवळचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे परवाना क्रमांक, मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. रस्त्याकडेच्या मालाची कसोटी तिथेच लागते. आयएसआयसोबत ईसीई, म्हणजे युरोपातलं मानक, असेल तर उत्तम. पट्ट्यावर शिवलेलं लेबल बघा: वर्तुळात ई आणि देशाचा आकडा, आणि मंजुरी क्रमांक ०६ ने सुरू होत असेल तर ते २२.०६ हे नवं मानक. त्यात हेल्मेट तिरक्या पृष्ठभागावर आपटून डोक्याला बसणारा पीळही मोजतात. जुन्या २२.०५ मध्ये हे नव्हतं. क्रमांकापुढे ‘पी’ असेल तर हनुवटीचा भाग संरक्षक म्हणून तपासलेला आहे, ‘जे’ असेल तर तिथे संरक्षण नाही. ‘डीओटी’ हे अमेरिकेचं मानक, त्यात कंपनी स्वतःच पात्रता जाहीर करते, आणि आपल्याकडे तो स्टिकर सुटा छापून लावणं सगळ्यात सोपं. त्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. ‘मिप्स’ म्हणजे आतला निसरडा थर. तिरका मार बसला की तो डोक्याला कवचाच्या तुलनेत दहा-पंधरा मिलिमीटर सरकू देतो. बजेटमध्ये बसत असेल तर घ्या. पण सैल हेल्मेटात मिप्स असून काही उपयोग नाही.

आता माप. सगळी गंमत इथे आहे.

शिंप्याचा टेप भुवयांच्या इंचभर वर, कानांच्या वरून, मागे डोकं सर्वात फुगीर असेल तिथून फिरवा. तीनदा मोजा आणि मोठा आकडा धरा. बऱ्याच कंपन्यांत ५७-५८ सेंटिमीटर म्हणजे एम, ५९-६० म्हणजे एल, पण तक्ता त्याच कंपनीचा बघा. दोन मापांच्या मध्ये असाल तर लहान घ्या, कारण गालाकडचे पॅड काही आठवड्यांत दबतात. लांब केस असतील तर गाडीवर जसे बांधता तसेच बांधून माप द्या. उंच अंबाडा ठेवून घेतलेलं माप वेणी घातल्यावर सैल होतं.

नवं हेल्मेट घातल्यावर गाल वर ढकलले गेले पाहिजेत, इतके की काही चावायला गेलात तर गालाचा आतला भाग दाताखाली येईल. कपाळावर मात्र एकाच जागी टोचता कामा नये. वीस मिनिटं तसंच घालून दुकानात बसा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. मग काढून आरशात बघा. कपाळाच्या मधोमध लाल चट्टा उठला असेल तर तुमचं डोकं लांबट आणि हेल्मेट गोलाकार आहे. कानशिलं दुखत असतील तर उलट. अशा वेळी माप वाढवलं की चट्टा जातो, पण हेल्मेट डुगडुगायला लागतं. कंपनी बदला, आकडा नाही. आतला थर्माकोल घासून जागा करणं तर अजिबात नको, मार झेलणारा भाग तोच.

पट्टा बांधून हेल्मेट दोन्ही हातांनी डावीकडे-उजवीकडे फिरवा. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे, हेल्मेट कातडीवरून घसरता कामा नये. मग मागची कड धरून जोरात पुढे उचला. डोक्यावरून निघून आलं तर तिथेच परत द्या.

डबल डी-रिंगचा, म्हणजे डी आकाराच्या दोन कड्यांचा पट्टा पुष्कळांना चुकीचा बांधायची सवय असते. तो दोन्ही कड्यांतून वर काढायचा, मग उलटा वळवून फक्त एका कडीतून, दोन कड्यांच्या मधून परत ओढायचा. दोन्हींतून सरळ बाहेर काढून टोकाचं बटण लावलं तर धरून ठेवणारं काहीच नाही. ते बटण टोक फडफडू नये एवढ्यासाठीच आहे. कटकट करणारी दातेरी क्लिप सोपी असते, पण तिची लांबी एकदा नीट लावून ठेवावी लागते आणि चिखल-वाळू दातांत शिरली की ती नीट धरत नाही.

मोटोक्रॉस घेत असाल तर गॉगल सोबत नेऊनच हेल्मेट घ्या. फ्रेमचा स्पंज नाकापासून कानशिलापर्यंत सगळीकडे टेकला पाहिजे. हेल्मेटची डोळ्यांसमोरची खिडकी अरुंद आणि गॉगलची फ्रेम रुंद असेल तर नाकपुड्या दाबल्या जातात, मग धाप लागल्यावर माणूस गॉगल खाली ओढतो. चष्मा असेल तर चष्म्यावरून बसणारा गॉगल लागतो. भिंग दुहेरी घ्या, वाफ कमी धरते. काळं एकच भिंग घेऊन घाटातल्या दाट झाडीत शिरलात तर सावलीतले दगड दिसत नाहीत, म्हणून पारदर्शक भिंग बॅगेत हवंच.

आतले गालाचे पॅड लाल फितीने ओढून निघतात का, तेही विचारा. अपघातानंतर ते आधी काढले की हेल्मेट मानेला झटका न देता निघतं. सोबतच्या मित्रांना ती फीत दाखवून ठेवा.

एकदा जोराचा मार बसला की आतला थर्माकोल दबतो आणि परत फुगत नाही. बाहेरचा रंग शाबूत असला तरी ते हेल्मेट बाद. मार न बसताही नियमित वापराच्या पाचेक वर्षांनी बदलावं. आणि गाडी उभी केल्यावर हेल्मेट आरशावर अडकवायची सवय सोडा. आरशाचा दांडा आतल्या थर्माकोलवर, नेमका डोक्याच्या वरच्या भागात, रोज थोडा थोडा खड्डा पाडतो.